गैरहजेरीचं कारण

आभार मानायची मला सवय आहे. कुणी पाणी दिलं तरी दोनदा आभार मानतो, आणि दारातून बाहेर पडल्यावर वाटतं, नीट मानले नाहीत. तेव्हा आधीच सांगून टाकतो की ह्या लिहिण्यात ज्यांच्याबद्दल वाकडं येईल, त्यांचाही मी आभारी आहे. त्यांच्यावाचून मी पुण्यातल्या ह्या वसतिगृहात खाट मिळवून बसलो नसतो. पण आभार मानून मानून तोंडात जी चव उरते ती काही गोड नसते. ते कुणी सांगत नाही.

माझं गाव परभणी जिल्ह्यात, बोरीपासून आत. आमी मेंढरवाले. दिवाळी झाली की बाप मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला निघतो आणि मिरगाच्या आसपास परत येतो. मधल्या काळात घरात आजा, मी आणि धाकटी बहीण. मी नववीत असताना आई गेली. त्यानंतर मी शाळेत गेलो नाही. कुणी काढलं नाही, कुणी मारलं नाही. सकाळी भाकरी करायला कुणी नव्हतं, म्हणून एक दिवस गेलो नाही, मग दुसऱ्या दिवशी गेलो नाही. मास्तर विचारायला आले तेव्हा मी चुलीपुढं बसलो होतो, हात पिठानं भरलेले. ते उभ्या उभ्याच परत गेले. पुन्हा कुणी विचारायला आलं नाही.

पुढं बहीण हाताशी आली आणि मी बोरीच्या बसस्टँडजवळ एका दुकानात कामाला लागलो. झेरॉक्स, फोटो, पीक विमा, जातीचा दाखला, जे म्हणाल ते ऑनलाइन. मालकाला सगळे भाऊ म्हणायचे. तिथंच कळलं की दहावी नसली तरी पूर्वतयारीची परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठात बी.ए.ला बसता येतं. लोकांचे फॉर्म भरता भरता मी माझाही एक भरला. पुस्तकं मिळायची, वर्ग रविवारी जिंतूरच्या अभ्यासकेंद्रात, तेही झाले तर. तीन वर्षांची पदवी मला सहा वर्षं पुरली. शेवटी पदरात पडली ती नुसती पास श्रेणी, आणि गुणपत्रकांवर तीन ठिकाणी एकच शब्द: गैरहजर.

नापास झालेल्याला निदान एवढं म्हणतात की बसला होता बिचारा. गैरहजर माणसाबद्दल तेवढंही म्हणत नाहीत. अभ्यास झाला नसेल, घाबरला असेल, झोपून राहिला असेल. त्यातलं काहीही झालं नव्हतं. तिन्ही वेळेला माझा अभ्यास झालेला होता, आणि तिन्ही वेळेला मी मातीला गेलो होतो.

आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात, मग जाळायचं असो की पुरायचं. "माती कवा हाय?" हा फोनवरचा पहिला प्रश्न. मेंढरवाल्यांच्या घरची माती म्हणजे मोठा गुंता. निम्मे गडी मेंढरांमागं, कुणाचा मुक्काम कुठल्या शिवारात आहे त्याचा पत्ता नाही. खांद्याला माणूस जमवायचा म्हणजे गावोगावच्या भावकीला फोन लावायचे. म्हणून दस्तूरच पडलेला आहे की घरटी एक गडी गेलाच पाहिजे. कोण आलं नाही ते कुणी लिहून ठेवत नाही, आणि कुणी विसरतही नाही. आजाचे गुडघे गेलेले, बाप रानात. म्हणजे आमच्या घरचा एक गडी तो मीच.

पहिल्यांदा बापाचा चुलतभाऊ गेला, आमच्याच गल्लीतला. अर्थशास्त्राचा पेपर होता. बसला जायची वाट त्यांच्या दारावरून. अंगणात मढं ठेवलेलं, बायका रडायल्यात, आणि त्यांच्यासमोरून खिशाला पेन लावून मी जाणार कसा? गेलो नाही.

दुसऱ्यांदा आत्याचा सासरा, चारठाण्याकडचा. चारठाण्याला जाणारी एस.टी. जिंतूरवरूनच जाते. माझं परीक्षा केंद्रही जिंतूरलाच. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा खिडकीतून मला माझ्याच वर्गातली दोन-चार माणसं दिसली. हॉलतिकीट हातात, केंद्राकडं निघालेली. एकजण मला बघून ओरडला, "उतर की लेका, टाइम झालाय!" मी हात हलवला. त्याला वाटलं असेल, पुढच्या फाट्यावर उतरतो. माझंही हॉलतिकीट खिशातच होतं, कशाला घेतलं होतं कोण जाणे. गाडी निघाली.

तिसऱ्या वेळेचं सांगितलं की लोक हसतात. मीही पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हसत हसतच सांगितलं होतं.

चुडाव्याजवळच्या एका गावात आजाचा मामेभाऊ होता. सकाळी फोन आला, म्हाताऱ्याला भुईवर घेतलंय. आमच्यात माणूस जायला लागला की त्याला बाजेवरून खाली घेतात, आणि पाव्हणे लांबचे असले तर तेव्हाच फोन करतात. जीव जायची वाट बघत बसलं तर माती दुसऱ्या दिवसावर जाते, उन्हाळ्यात मढं टिकत नाही. भुईवर घेतलं म्हणजे झालंच, असं धरून चालायचं. शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर होता, समाजशास्त्राचा. तो सुटला की मी पदवीधर.

"आबा, आज पेपर हाय," मी म्हणालो.

आजा दातण करायलेला. काडी काढून म्हणाला, "पेपर वर्साला येतो. मानूस एकदाच जातो."

"मागच्या दोन्ही वर्साला हेच झालं."

"तुझ्या आईच्या मातीला कोन कोन आलं होतं, ध्यान हाय का?"

ध्यान होतं. बाप त्या वेळी लांब मेंढरांत होता, त्याला निरोप पोचायलाच दुसरा दिवस उजाडला. तो येईपर्यंत सगळं उरकलं होतं. ज्यांनी उरकलं त्यात चुडाव्याच्या अंगाची माणसं होती. हा म्हातारा स्वतः आला होता, रेल्वेनं, मग बसनं, मग पायी. मी पायात चपला सरकवल्या. ह्याच्यावर बोलण्यासारखं काय असतं?

बोरीवरून परभणी, परभणीवरून पॅसेंजरनं चुडावा, तिथून पुढं एका टेम्पोत. पोचलो तेव्हा दारात बांबू आणून टाकलेले, मडकंही आणलेलं. पण रडारड नव्हती. लिंबाखाली माणसं बसलेली, तंबाखू मळायलेली, आणि सगळ्यांच्या तोंडावर एक चमत्कारिक अवघडलेपण. मी चपला काढून आत गेलो. म्हातारा भिंतीला टेकून बसलेला. बशीतून चहा पीत होता.

"कोन आलंय?" त्यानं विचारलं.

कुणीतरी सांगितलं, बोरीकडचा अमक्याचा नातू.

"ये बाबा. लय लांबून आलास. आज काय कामधंदा न्हवता का?"

"पेपर होता," माझ्या तोंडून निघून गेलं.

"पेपर होता?" म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. "मंग कायला आलास येड्या? मी कुडं पळून जायलो होतो का?"

सगळं घर हसलं. बाहेर लिंबाखाली बातमी गेली, तिथंही हसले. म्हाताऱ्याचा थोरला लेक कपाळाला हात लावून म्हणाला, "दुकानदार बांबू माघारी घेईना राव. म्हन्तो, अपशकुनाचा माल हाय." एकजण म्हणाला, "ठिवा मंग माळवदावर. आज न्हाई उद्या लागतीलच." म्हातारा सगळ्यात जास्त हसला. मला जेवू घातलं, आग्रह करकरून. माझा पेपर तेव्हा निम्मा झाला असेल.

पेपर मी पुढच्या वर्षी दिला. म्हातारा त्याच हिवाळ्यात खरंच गेला होता. त्याच्या खऱ्या मातीलाही मीच गेलो. त्या दिवशी पेपर नव्हता.

आता एम.ए. कशाला, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. भाऊ म्हणाला, "ह्या दुकानात एम.ए. करून तू जास्त चांगलं झेरॉक्स काढनार हायस का?" माझं उत्तर फार बारीक होतं. मला वर्गात बसायचं होतं. नववीनंतर मी रोजच्या वर्गात बसलो नव्हतो. बाकावर, कुणीतरी पुढं उभं राहून शिकवतंय, शेजारी कुणीतरी लिहून घेतंय, तास संपला की घंटा, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. पुण्यात एक संस्था आहे, तिथं समाजशास्त्राचं एम.ए. होतं, राहायची सोय आहे, आणि नुसत्या टक्क्यांवर नाही तर मुलाखतीवरही घेतात, असं केंद्रातल्या एकानं सांगितलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

हजारो लोकांचे फॉर्म मी भरले असतील. माझा भरायला बसलो आणि दुसऱ्याच पानावर अडलो. दहावी: बोर्ड, साल, टक्के. पुढं लाल फुली. भरल्याशिवाय पान पुढं सरकत नाही.

"शून्य टाक," भाऊ म्हणाला.

"शून्य टाकलं तर नापास दिसतंय."

"मंग पस्तीस टाक. कोन बगायलंय?"

"भाऊ, ते बगतात."

"लोकाचे फारम भरताना एवढा भेत न्हाईस तू."

खरं होतं. लोकांच्या फॉर्मात जे नसेल ते मी बेधडक 'लागू नाही' म्हणून ठोकून द्यायचो. स्वतःच्या फॉर्मात तसं ठोकायला जागाच नव्हती. शेवटी संस्थेच्या कार्यालयात फोन लावला. एका बाईंनी उचलला. मी चार-चारदा माफी मागून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, एवढं काय त्यात? कागदं मेल करा, मी आतून घेते." नाव विचारायचं मला सुचलं नाही. इथं आल्यावर कार्यालयात आवाज ओळखायचा प्रयत्न केला, पण तिथं तीन बायका आहेत आणि तिघीही तशाच बोलतात. म्हणून मी तिघींनाही नमस्कार करतो.

मग शिफारसपत्र. ज्यांनी शिकवलं अशा प्राध्यापकाचं पाहिजे. मला शिकवलं ते पुस्तकांनी. रविवारच्या वर्गाला येणारे एक सर होते, त्यांच्या घरी जिंतूरला गेलो. ते अंगणात मोटारसायकल धूत होते.

"कोणत्या बॅचचा रे तू?"

मी सांगितलं. त्यांना आठवेना. पण मनानं मोकळा माणूस. म्हणाले, "हे बघ, तूच लिहून आण. मी सही ठोकतो. चांगलं लिही, लाजू नको."

स्वतःची शिफारस स्वतः लिहायला बसल्यावर माणसाला आपली लायकी कळते. 'हा विद्यार्थी नियमित' लिहिलं आणि खोडलं. 'होतकरू' लिहिलं. तिशीला टेकलेल्या माणसाला होतकरू म्हणणं म्हणजे थट्टाच, पण राहू दिलं. 'प्रामाणिक' लिहिलं, तसं तर वॉचमनबद्दलही लिहितात. मग 'वेळेवर येतो' लिहिलं, कारण ते खरं होतं. ज्या दिवशी येतो त्या दिवशी मी तासभर आधी येतो.

सरांनी वाचलं आणि ओल्या हातानंच डोकं धरलं. "वेळेवर येतो? एस.टी.ची शिफारस करायलास का लेका?" मग त्यांनीच दोन वाक्यं घातली, चिकाटी, जिज्ञासा वगैरे. गुणपत्रकं चाळताना थांबले. "हे गैरहजर काय आहे तीन-तीनदा?"

मी थोडक्यात सांगितलं.

"हे लिहू नको. हसतील. आई नाही ना तुला?"

"न्हाई सर."

"मग आईचं लिही की. तिन्ही वेळेला आईचं आजारपण दाखव. आई वरच्या लोकांना लवकर पटती."

मी मान हलवली. आई जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. तिला उठवून कागदावर तीन उन्हाळे आजारी पाडायचं, म्हणजे मला वर्गात बसता येईल. सर वाईट नव्हते, माझ्या भल्याचंच सांगत होते. त्यांनी सही केली, शिक्का मारला, पुसट आला म्हणून दुसऱ्यांदा मारला, आणि चहा पाजला. मी आभार मानले. बसमध्ये बसल्यावर इतकं भडभडून आलं की मी खिडकीकडं तोंड करून बसलो.

आईचं लिहिलं नाही. 'आपल्या शैक्षणिक वाटचालीतील खंडाचे स्पष्टीकरण द्या' असं होतं, तिथं 'कौटुंबिक कारण' एवढंच लिहिलं. दोन शब्द. त्याच्यापुढं रिकामी जागा पुष्कळ उरली होती.

मुलाखतीचा मेल आला तेव्हा भाऊनं स्वतःचा इस्त्रीचा शर्ट दिला. मुलाखत दुपारची होती, मी सकाळीच संस्थेच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. कागदांची पिशवी उघडून बघायचो, बंद करायचो. बाकीची पोरं-पोरी आली. सगळी बाविशीतली. एकमेकांना पुस्तकांची नावं सांगायलेली. एकीनं मला विचारलं, "सर, मुलाखती वरच आहेत ना?" तिला मी तिथला माणूस वाटलो.

आत तिघं होते. मध्ये एक वयस्क बाई, एका बाजूला चष्मा डोक्यावर चढवलेले सर, दुसऱ्या बाजूला एक तरुण मॅडम, त्या सगळं लिहून घ्यायच्या. शाळा का सोडली विचारलं. "घरी माणूस नव्हतं," म्हणालो. त्यांनी पुढं खोदलं नाही, ते बरं झालं. मग चष्मेवाल्या सरांनी गुणपत्रकं पुढं ओढली.

"कौटुंबिक कारण म्हणजे नेमकं काय?"

मी ठरवून आलो होतो की मोघम बोलायचं. पण समोरून थेट विचारलं की मला मोघम बोलता येत नाही, खरंच येतं तोंडातून. मी सांगितलं. माती म्हणजे काय, घरटी एक गडी का, बाप कुठं असतो. जिंतूरच्या स्टँडचं सांगितलं. आणि तिसऱ्याचंही सांगितलं.

"एक मिनिट," चष्मा डोक्यावरून नाकावर आला. "म्हणजे तुम्ही जिवंत माणसाच्या अंत्यविधीला गेलात?"

"हो सर. जेवूनही आलो."

तिघंही हसले. तरुण मॅडमनी तर पेन ठेवून तोंडावर हात घेतला. मीही हसलो, हसणारच. चुडाव्यालाही हसलोच होतो. पण तिथं हसलेली माणसं माझ्या आईला खांदा दिलेली होती. हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या समजलं, आणि हसणं तोंडावर तसंच धरून ठेवायला फार जड गेलं.

वयस्क बाई म्हणाल्या, "नातेसंबंधांवर आज इतक्या मुलांनी उत्तरं दिली. हे सगळ्यात चांगलं होतं. हे तुम्हाला कळतंय का? हाच तुमच्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो." त्या मनापासून बोलत होत्या. त्यांचे डोळे चमकत होते. माझे तीन पेपर, माझी तीन वर्षं त्यांना चांगला विषय वाटत होती. मी म्हणालो, "धन्यवाद मॅडम."

मग सर म्हणाले, "आता एक सांगा. इथं हजेरी सक्तीची आहे. प्रत्येक जागेमागं खूप मुलं आहेत. तुम्हाला घेतलं, आणि परीक्षेच्या दिवशी असा फोन आला, तर?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत असायला पाहिजे होतं. येताना गाडीत मी दुर्खीम नि वेबर घोकत होतो, आणि प्रश्न आला तो आजाचा. मला वाटलं होतं, असं कुणी विचारलं तर मी घोटाळेन, विचार करेन, निदान श्वास तरी घेईन.

"जाणार नाही," मी म्हणालो.

इतक्या लवकर म्हणालो की सरांनी पुन्हा विचारलं. "नक्की?"

"नक्की सर."

"जवळचं कुणी असलं तरी?"

"तरी."

तरुण मॅडमनी लिहून घेतलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा पडल्यासारखा वाटला. कदाचित माझा भास असेल. मला विचारायचं होतं की मॅडम, मग काय म्हणायला पाहिजे होतं? जाईन म्हणालो असतो तर घेतलं असतं का? पण पुढच्याला आत बोलावलं होतं.

यादीत नाव आलं. भाऊनं दुकानात पेढे वाटले, स्वतःच्या पैशानं. गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमचा गडी निवडून आला," जसं काही मी ग्रामपंचायतीला उभा होतो. जिंतूरच्या सरांना फोन केला तर म्हणाले, "बघ, आईचं लिहिलंस म्हणून झालं." मी हो म्हणालो. काय सांगत बसायचं?

आजाला सांगितलं तेव्हा तो ओसरीवर लोकर पिंजत बसला होता. बराच वेळ हात चालू ठेवले त्यानं.

"किती दिसाचं हाय?"

"दोन वर्सं."

"काय इचारलं त्यांनी?"

मी टाळायला बघितलं. पण आजाला अर्धवट सांगितलं की तो उरलेलं डोळ्यांनी काढून घेतो. म्हणून सांगून टाकलं. परीक्षेच्या दिवशी मातीचा फोन आला तर काय करशील, असं विचारलं.

"मंग?"

"न्हाई जानार म्हनलो."

मला वाटलं, शिव्या देईल. खरं तर मला त्या हव्या होत्या. गुडघ्यावर हात ठेवून तो उठला, भिंतीला धरून आत गेला आणि त्याचा बटणाचा फोन घेऊन बाहेर आला. नंबर मला लावायला सांगितला, कारण त्याला बारीक आकडे दिसत नाहीत. भावकीत एक कारभारी आहे, फोन फिरवायचं काम त्याच्याकडं असतं. कुणाला भुईवर घेतलं की पहिली खबर त्याला, आणि मग तो घरोघरी कळवतो. त्याचाच नंबर. मी लावून दिला.

"रामराम," आजा मोठ्यानं बोलायला लागला, त्याला वाटतं लांबच्या माणसाला मोठ्यानंच ऐकू जातं. "आमचा नातू पुन्याला चाललाय शिकायला. हां, मोठ्या कालेजात. तर ह्याच्या म्होरं त्याला फोन लावू नगा. न्हाई, कशालाच नगा. आमच्या घरचा गडी मीच हाय असं धरा. येतो की. गुडघ्याला काय झालंय? काठी हाय. पोराला तेवडं धरू नगा."

फोन मीच बंद करून दिला. तो पुन्हा लोकरीपाशी बसला. म्हणाला, "आता तुला काळजी न्हाई."

हे प्रेम होतं, मला कळत होतं. पण आमच्या घरच्या माणसांच्या मोजदादीतून त्यानं मला स्वतःच्या तोंडानं वगळलं होतं, आणि वगळायला नंबरही मीच लावून दिला होता. मुलाखतीत उत्तर दिलं त्या क्षणी मी काय देऊन बसलो, ते मला तिथं ओसरीवर कळलं.

इथं माझी हजेरी पूर्ण आहे. एकही तास चुकवलेला नाही. रोज लवकर जाऊन बसतो, दुसऱ्या बाकावर. शेजारी बसणारी पोरं तास चुकवतात, सिनेमाला जातात, ताप आला म्हणून पडून राहतात. मला नवल वाटतं. वर्गात बसायला जेवढं वाटलं होतं तेवढं चांगलं वाटतं, ते मी नाकारत नाही. प्रबंधाच्या विषयाची मुलाखतीतल्या बाईंनी आठवण करून दिली आहे. मी अजून काही लिहिलेलं नाही.

फोन मात्र येत नाही. पहिल्या महिन्यांत मी तो उशाशी घेऊन झोपायचो. आता कळतं ते असं, की कुणीतरी मोबाइलवर फोटो टाकतो, हार घातलेला, खाली दोन ओळी, आणि तोवर दहावा झालेला असतो. मागच्या महिन्यात चारठाण्याची आत्या गेली. माझी सख्खी आत्या. तिच्या सासऱ्याच्या मातीला मी पेपर सोडून गेलो होतो, आणि तिच्याबद्दल मला बहिणीच्या बोलण्यातून कळलं, ती सहज दुसरंच काही सांगत होती. आजाच्या पायाला सूज का आली, ते. घरचा गडी म्हणून काठी टेकत चारठाण्याला तोच गेला होता.

मी लगेच आजाला फोन लावला. ओरडलो म्हणा ना. "मला कामून न्हाई सांगितलं?"

"तुझा पेपर होता का न्हाई त्या दिशी?"

"न्हवता. पेपर न्हवता आबा."

मग तो म्हणाला, "आमाला काय ठावं बाबा, तुमचे पेपर कवा असतेत ते," आणि बहिणीला फोन बंद करायला सांगितलं.